टेक म्हणजे काय?



आपण ज्या गावात बसलो आहोत त्याच्या नावातच एक कोडे आहे. रामटेक या नावातला राम कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण 'टेक' म्हणजे काय, हे गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या दहा माणसांना विचारून पाहा. तीन उत्तरे मिळतील. एकजण म्हणेल, टेक म्हणजे टेकडी. दुसरा म्हणेल, वनवासात रामचंद्र येथे विसावले, टेकले, म्हणून टेक. तिसरा सांगेल की राक्षसांचा उपद्रव पाहून रामाने येथे त्यांच्या निर्दालनाची प्रतिज्ञा केली, आणि टेक म्हणजे प्रतिज्ञा. मराठीत हे तिन्ही अर्थ चालतात. त्यांतला या गावाच्या नावाचा अर्थ कोणता, हे ठरविणे पंडितांचे काम आहे, आणि पंडितांची या टेकडीवर पूर्वीपासून कृपा आहे. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी ग्रंथ लिहून प्रतिपादन केले, आणि १९९७ साली कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही येथे आले.

माझा प्रश्न त्याहून पुष्कळ लहान आहे. चौथीतल्या मुलाला टेकडी, टेकणे आणि टेक हे कोणी वेगळे करून दाखवतो काय? पाठाच्या खाली शब्दार्थ दिलेले असतात. गिरी म्हणजे पर्वत, पर्वत म्हणजे डोंगर. मुलगा ते घडाघडा म्हणतो. मग टेकडी आणि डोंगर यांत फरक काय, असे विचारले की गप्प होतो, वास्तविक टेकडी त्याच्या खिडकीतून दिसत असते. शब्दाला दुसरा शब्द जोडून दिला म्हणजे अर्थ दिला, ही समजूत आपल्या प्राथमिक शाळेत कोठून आली, आणि ती मोडण्याचे यत्न कोणी कोणी केले, त्याचा वृत्तांत आज सांगावयाचा आहे.

मी शिक्षक नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या कज्जेदलालीत झाले. या विषयाकडे मी वळलो तो एका कागदामुळे. १९९८ च्या उन्हाळ्यात एका गिट्टीच्या खदानीवर काम करणारी एक बाई माझ्याकडे आली. कंत्राटदाराने तिच्याकडून एका कागदावर अंगठा घेतला होता. ती अडाणी असली तरी बावळट नव्हती. अंगठा देण्यापूर्वी तिने आपल्या पाचवीतल्या मुलाकडून तो कागद मोठ्याने वाचून घेतला होता. मुलाने एकही अक्षर न अडखळता वाचला. त्यात लिहिले होते की माझा हिशेब चुकता झाला असून मी स्वेच्छेने काम सोडत आहे. बाईने मुलाला विचारले, "चुकता म्हणजे काय रे?" मुलगा म्हणाला, "चुकला. हिशेब चुकला, असं लिवलं आहे." बाईला वाटले, आपण दोन महिने जी तक्रार करीत होतो ती शेवटी कागदावर आली. स्वेच्छेने या शब्दाचा अर्थ त्याने पुस्तकातला सांगितला, आपखुशीने. तिला वाटले, खुशीने हिशेब दुरुस्त करणार असतील. तिने खुशीने अंगठा दिला.

पुढे तडजोडीत थोडीशी रक्कम मिळाली. सात वर्षांचे काम गेले ते गेलेच.

मला त्या मुलाचा राग आला नाही. राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. त्या घरी धान पिकत होते. धान विकल्यावर जे पैसे हाती येतात त्यांना आपल्याकडे चुकारा म्हणतात, हे त्या मुलाला ठाऊक होते. 'यंदा चुकारा उशिरा मिळाला' हे वाक्य त्याने शंभरदा ऐकले असेल. चुकारा आणि चुकता एकाच घरातले शब्द आहेत, आणि गणित चुकणे हे वेगळे, एवढेच कोणी त्याला दाखवून दिले असते तर त्याच्या आईचा अंगठा कागदावर उमटला नसता. अर्थ त्याच्या घरात होता. शाळेने तो घरातून पुस्तकात आणला नव्हता.

आता इतिहासाकडे येतो. नेमक्या शब्दाची कदर आपल्या भाषेत नवी नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ लीळाचरित्र. त्यात अशी कथा आहे की हरिपाळदेव हा गुजरातेतील प्रधानाचा पुत्र रामटेकच्या यात्रेचे निमित्त सांगून घरातून निघाला, आणि वाटेत ऋद्धिपुरास त्याला गोविंदप्रभू भेटले. तेच पुढे चक्रधरस्वामी. म्हणजे मराठी गद्याच्या उगमाशीच आपल्या गावाचे नाव आहे. त्या ग्रंथासाठी म्हाइंभटाने स्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून गोळा केल्या, आणि दोघांच्या सांगण्यात शब्दाचा फरक पडला तर तो दडपला नाही. त्या संप्रदायाच्या पोथ्यांत असे पाठभेद 'वासना' म्हणून नोंदलेले सापडतात. एका शब्दाने अर्थ फिरतो, ही जाण असल्यावाचून एवढी खटपट कोण करील? पण पुढे या पोथ्या सांकेतिक लिप्यांत गेल्या आणि शतकानुशतके मठांतच राहिल्या. १९३० नंतरच्या दशकात नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून काढले तेव्हा ते सामान्य वाचकाच्या हाती आले. शाळेच्या वाटेवर ही शिस्त कधी आलीच नाही.

शाळेच्या वाटेवर होते ते पंतोजी. त्यांच्या छडीची निंदा आपण पुष्कळ ऐकतो, आणि ती खोटी नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. धूळपाटीवर अक्षर गिरवून झाले की मुले उजळणी म्हणू लागत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. पावणेदोन आणि सव्वादोन यांत कोणता मुलगा घोटाळा करीत नसे, कारण बाजारात घोटाळा केला की घरी मार बसे. शेर, पायली, कुडव ही मापे डोळ्यांपुढे असत. जेथे शब्द चुकला की पैसा जातो तेथे पंतोजींच्या शाळेतही अर्थ नेमका होता. जेथे पैसा जात नव्हता, म्हणजे वाचनात, तेथे अर्थाची विचारपूस नव्हती. मोडीतला कागद लावता आला म्हणजे विद्या संपली.

पंतोजींच्या शेजारी वेदशाळा आणि पाठशाळा होत्या, पण त्या सर्वांसाठी नव्हत्या. तेथील मुले अमरकोश पाठ करीत. एका वस्तूची अनेक संस्कृत नावे श्लोकांत गुंफलेला हा कोश आहे, आणि त्या कामासाठी तो उत्तमच आहे, कारण तेथे कवीला पर्याय हवे असतात. माझी समजूत अशी आहे की पुढे इंग्रजी अमलात जे शास्त्री सरकारी पुस्तके लिहावयास बसले, त्यांच्याबरोबर ही नावाला नाव जोडण्याची सवय मराठी पाठाखाली येऊन बसली. हे माझे अनुमान आहे. कोणी विद्वानाने खोडून काढले तर मी आनंदाने ऐकेन.

१८२२ साली मुंबईत शाळांसाठी पुस्तके करणारी एक सोसायटी निघाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस. त्यांनी गणित आणि भूमितीची पुस्तके मराठीत आणली. बापू छत्रे यांनी १८२८ साली बाळमित्र आणि इसापनीतिकथा ही पुस्तके दिली. १८२९ साली पंडितांनी केलेला मराठीचा मराठीत अर्थ देणारा कोश छापून झाला. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. पंधरा वर्षांत केवढी ही धावपळ! आजच्या एखाद्या समितीला पंधरा वर्षांत एवढ्या बैठकाही जमणार नाहीत.

या सर्वांत मला ज्याच्याविषयी थांबून बोलावेसे वाटते तो मोलस्वर्थ. जेम्स मोलस्वर्थ हा लष्करातला अधिकारी, शाळामास्तर नव्हे. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ त्याला मिळाले, आणि ब्राह्मण पंडितांच्या मदतीने १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६०,००० वर गेले. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणू लागले. शब्द आला की तो कोठे बोलतात, कोण बोलतो, शिष्ट की गावंढळ, हे तो पाहत असे. कोकणातल्या शब्दांना त्याने निराळी खूण दिली आहे. आणि एकाच अर्थाचे समजले जाणारे शब्द जेथे जवळ येतात तेथे त्यांतला फरक सांगण्याचा त्याने ठिकठिकाणी यत्न केला आहे. मी हा कोश प्रथम पाहिला तो वाचनालयातल्या फाटक्या प्रतीत, आणि मला इंग्रजी यथातथाच येत असल्यामुळे एकेका शब्दाला अर्धा अर्धा तास लागे. तरीही तो खाली ठेववेना. आपल्या शेतातली, स्वयंपाकघरातली, भांडणातली भाषा कोणीतरी एवढ्या अदबीने तपासली आहे, हे पाहून माणूस थक्क होतो.

पण त्याचा उपयोग कोणाला झाला? कोश मराठीतून इंग्रजीत. तो साहेबाला रयतेची भाषा कळावी म्हणून केलेला. मराठी मुलाला त्याच्या शब्दाचा अर्थ साहेबाच्या भाषेत सापडत होता. पंडितांचा १८२९ चा कोश मराठीत होता, परंतु तो शाळेतल्या मुलाच्या हातचा नव्हता. मध्यंतरी काही लहान कोश निघाले. दाते आणि कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश पुरा व्हावयास १९३८ साल उजाडले.

मोलस्वर्थचा जोडीदार थॉमस कँडी मात्र शाळेच्या आत शिरला. सरकारी क्रमिक पुस्तके त्याच्या देखरेखीखाली झाली. मराठीत विरामचिन्हे आणली तीही त्यानेच, आणि १८५० साली त्यावर पुस्तक लिहिले. स्वल्पविराम एक घर पुढे-मागे झाला की करारनाम्याचा अर्थ उलटतो, हे मी अनुभवाने सांगतो, तेव्हा या माणसाचे आभार मानलेच पाहिजेत. तथापि त्याच्या हाताखालून गेलेली मराठी नीटनेटकी झाली आणि थोडी परकीही झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून निबंधमालेत या इंग्रजी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढले. शास्त्रीबोवांचा राग शैलीवर होता. मुलाला अर्थ कळतो की नाही, ही त्यांच्या भांडणातली बाब नव्हती.

ती बाब काढली जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली. मुलांना मोडी आणि बालबोध वाचता लिहिता यावे, हिशेब यावा, व्याकरण, भूगोल, इतिहास यांची सामान्य ओळख व्हावी, शेतीचे प्राथमिक ज्ञान मिळावे, आरोग्याचे आणि नीतीचे चार धडे असावेत, अशी त्यांची मागणी होती. या यादीत शेती आहे, ही गोष्ट लक्षात घ्या. ज्या मुलाच्या पुस्तकात नांगर नाही त्याच्या पुस्तकातील शब्द त्याच्या घराला चिकटत नाहीत.

याच सुमारास शब्दांच्या व्याख्येने हजारो मुलांचे आयुष्य ठरत होते, आणि ती मुले शाळेत नव्हतीच. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात दोन शब्दांचे अर्थ सांगितले होते. कारखाना म्हणजे काय? जेथे यंत्रशक्ती आहे आणि शंभर किंवा अधिक माणसे आहेत तो. नव्याण्णव असतील तर तो कारखाना नव्हे. आणि मूल म्हणजे काय? सात ते बारा वर्षांचे ते मूल, त्याच्याकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये. म्हणजे तेरा वर्षांचा पोरगा कायद्याने बाप्या झाला. १८९१ साली व्याख्या बदलली. शंभराचे पन्नास झाले, सात ते बाराचे नऊ ते चौदा झाले, नऊ तासांचे सात तास झाले. कायद्यातला एक शब्द हलला आणि आदल्या दिवशीचा गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा मूल झाला. मधल्या काळात जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ५,५०० सह्यांचा अर्ज केला, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. त्या सह्यांत अंगठेच किती असतील! पण ज्याच्यावर अंगठा द्यावयाचा तो कागद लोखंड्यांनी सभेत समजावून सांगितला होता, आणि माझ्या मते तोही एक वर्गच होता.

आता आपल्या घराजवळचा इतिहास. येथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत शिक्षण मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती, असा ठराव झाला. झाकीर हुसेन समितीने त्याची योजना आखली, आणि सेवाग्रामला ती प्रत्यक्षात आली. नयी तालीम म्हणून आपण तिला ओळखतो. मुलाच्या हातच्या सुतातून मास्तरांचा पगार निघावा, ही त्यातली कल्पना मला कामगारांचा माणूस म्हणून कधीच पटली नाही. ते सरळ बालमजुरीच्या उंबरठ्यावर जाऊन बसते. परंतु शब्दाच्या बाजूने पाहिले तर त्या शाळेत एक विलक्षण गोष्ट घडत होती.

तार हा शब्द घ्या. गावातल्या मुलाला तार म्हणजे कुंपणाची तार. दुसरी तार पोस्टातून येई आणि ती आली की घरात रडारड होई. सूतकताईच्या वर्गात त्याला तिसरी तार भेटे. फाळक्याभोवती सुताचा एक वेढा म्हणजे एक तार, लांबी चार फूट. अशा १६० तारांची एक लट, चार लटींची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. पेळू, चाती, टकळी, लट, गुंडी यांपैकी प्रत्येक शब्दाची वस्तू मुलाच्या हातात होती, आणि मोजमाप चुकले तर सूत खोटे ठरे. तेथे लट म्हणजे काय, याचे उत्तर 'बट' असे देऊन भागत नव्हते. तीन तारांतला फरक ज्या मुलाला हाताने कळला त्याला पुढे शब्दांची भीती वाटली नसावी. शेजारी पवनारला विनोबा शब्दाची धातूपर्यंत खोदाई करीत बसलेले होते. त्याच गावच्या हवेत हा गुण असावा.

नयी तालीम पुढे मावळली, त्याची कारणे निराळ्या व्याख्यानाची आहेत. तिकडे ठाणे जिल्ह्यात, जो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि १९५७ च्या सुमारास ते कोसबादच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नव्हती, म्हणून या बायांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. फांद्या, बिया, शंख, दगड हे साहित्य. मुलाच्या बोलीतला शब्द आधी घ्यावयाचा, मग पुस्तकातला त्याच्याशेजारी ठेवावयाचा. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून आला. तो शब्द लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

आपल्या रामटेकच्या मुलांची गंमत आणखी वेगळी. १९५० पर्यंत आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो, मग मध्यप्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. दहा वर्षांत चार पाट्या बदलल्या. आपला तहसीलदार तिकडे मामलेदार होता, आपली तहसील तिकडे तालुका होती, आपला पटवारी तिकडे तलाठी होता. १९६६ च्या महसूल संहितेत तहसीलदार राहिला, एवढा एक मुकाबला आपण जिंकला! नव्या राज्याने भाषा संचालनालय काढले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. पदनाम कोशाची त्या वेळी भरपूर टवाळी झाली, त्याला बदनाम कोश असेही म्हणण्यात आले. आज मात्र अभियंता, आयुक्त, सचिव हे शब्द शेंबड्या पोराच्या तोंडी आहेत. शब्द अनोळखी असला म्हणून बिघडत नाही. वापरला की रुळतो. बिघडते ते दोन निराळ्या वस्तूंना एकच शब्द चिकटवला म्हणजे, किंवा एकाच वस्तूचे दोन शब्द करून गरिबाला फसवले म्हणजे.

१९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि बालभारती घरोघर गेली. सर्व राज्याला एकच पुस्तक मिळाले. पुस्तक स्वस्त झाले, चित्रे चांगली आली, गरिबाचे आणि श्रीमंताचे पोर एकच धडा वाचू लागले. हे काम लहान नव्हे. पण एका पुस्तकाबरोबर एका प्रदेशाचे शब्दही सगळीकडे गेले. आमच्याकडे वावर म्हणजे शेत, पुस्तकात वावर म्हणजे येणे-जाणे, राहणे. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, पुस्तकातले सांबार इडलीबरोबरचे. आमची बंडी बैल ओढतात, तिकडची बंडी अंगात घालतात. देवलापारकडच्या गोंड मुलाला तर मराठीच दुसरी भाषा. शिक्षकाने 'हे चूक, ते बरोबर' म्हटले की मुलाचा घरचा शब्द खाली मान घालतो. 'हे येथे, ते तेथे' म्हटले की मुलाकडे एकाऐवजी दोन शब्द होतात. एवढासाच फरक आहे, पण तो करणारे शिक्षक मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

मामा तलावाचेच पाहा. आपल्या तालुक्यात आणि पुढे भंडारा-गोंदियाकडे हे तलाव आहेत. मी एका शाळेत विचारले, याला मामा तलाव का म्हणतात? एक मुलगी म्हणाली, मामाच्या गावाला असतो म्हणून. वर्ग हसला, मीही हसलो. पण मास्तरांनाही उत्तर ठाऊक नव्हते. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि दोन शब्दांची दोन अक्षरे उरली. त्या दोन अक्षरांत तलाव कोणी बांधला, पाणी कोणाच्या हक्काचे होते आणि आता दुरुस्ती कोणी करावयाची, हा सगळा इतिहास दडला आहे. मुलाला तो पाच मिनिटांत सांगता येतो.

आता अंगणवाडीकडे परत येतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू केली आणि ताराबाई-अनुताईंच्या अंगणातला शब्द देशभर गेला. पण त्या अंगणात मुलांना पहिले शब्द शिकवणाऱ्या बाईला काय म्हणावयाचे? शिक्षिका म्हटले असते तर वेतनश्रेणी आली असती. कामगार म्हटले असते तर कायदे लागू झाले असते. तिला सेविका म्हटले गेले. आणि तिला महिन्याला जे मिळते त्याला पगार म्हटले नाही, मानधन म्हटले. शब्द मोठे गोड आहेत. सेवेचा मोबदला मागू नये आणि मानाची किंमत करू नये, असे आपले संस्कार सांगतात. म्हणून हे दोन शब्द निवडणाऱ्याला भाषा येत नव्हती, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राने २००० साली प्राथमिक शिक्षकांच्या भरतीतही शिक्षणसेवक काढले, आणि त्यांनाही पहिली तीन वर्षे मानधनच. जो माणूस मुलांना वेतन म्हणजे काय ते सांगणार, त्याचीच तीन वर्षे त्या शब्दाबाहेर गेली.

गुजरातमधील दाहोद जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविकांचे उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुद्दा शब्दाचा होता. १९७२ च्या उपदान कायद्यात वेतनाची जी व्याख्या होती तीत मानधन बसते की नाही? २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने सांगितले की बसते. नाव मानधन असले तरी ते केलेल्या कामाचा मोबदला आहे, तेव्हा ते वेतनच. योजना सुरू होऊन त्या वेळी शेहेचाळीस वर्षे झाली होती. एका शब्दाचा अर्थ लागावयास शेहेचाळीस वर्षे! त्या अवधीत कितीतरी सेविका साडीचोळी घेऊन घरी गेल्या.

त्या निकालाची प्रत मी आमच्या संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवली तेव्हा सेविकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतली एक वयस्क बाई टाळ्या थांबल्यावर म्हणाली, "भाऊ, आता हे आमच्या पोरांनाबी सांगा, नाही तर त्यांच्या वेळेस दुसरा शब्द काढतील." त्यानंतर आम्ही दर रविवारी सकाळी कार्यालयात मुलांचा एक वर्ग घेऊ लागलो. शाळेशी त्याचा संबंध नाही. परीक्षा नाही. नियम एकच: अर्थ सांगताना दुसरा शब्द देऊन सुटका करून घ्यावयाची नाही. या शब्दात काय बसते आणि काय बसत नाही, ते सांगावयाचे.

पहिल्या रविवारी उसने आणि कर्ज घेतले. मुलांनी जे सांगितले ते कोणत्याही कोशाने ऐकावे असे होते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली ती उसनी, कारण तेवढीच वाटी परत द्यावयाची. सोसायटीकडून आणले ते कर्ज, कारण वर व्याज आहे. मग मी विचारले, ठेकेदार दिवाळीला जे देतो आणि मग मजुरीतून कापतो ते काय? बराच वेळ कोणी बोलेना. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातला एक मुलगा म्हणाला, "ती उचल. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही." कर्जात माणूस मोकळा असतो, उचलीत बांधलेला असतो. हा फरक त्या मुलाने पुस्तकात वाचला नव्हता. आईबापांच्या तोंडून ऐकून तो जाणत होता, फक्त कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या एका रविवारी विहीर, झिरा, बोडी, तलाव झाले. तिसऱ्या रविवारी देणगी, वर्गणी, भीक आणि लाच यांवर एवढा गोंधळ झाला की शेजारच्या चहावाल्याने येऊन चौकशी केली.

सगळे रविवार असे चांगले जात नाहीत. कधी चार मुले येतात, कधी धानाची रोवणी लागली की एकही येत नाही. एका पालकाने विचारले, याचा परीक्षेत काय उपयोग? मी म्हटले, परीक्षेत नाही. त्याने मुलगा पाठवणे बंद केले. त्याचेही खोटे नाही. ज्या शाळेत पाठाखालचा शब्दार्थ जसाच्या तसा लिहिला की पूर्ण गुण मिळतात, तेथे फरक समजून घेण्यात मुलाचा वेळच जातो. शिक्षकांना मी दोष देत नाही. एका खोलीत दोन वर्ग, हातात पटाची माहिती भरण्याचा मोबाइल, त्यात कोणत्या वेळी तो टेक आणि टेकडी सांगणार?

खदानीवरच्या त्या बाईचा मुलगा आता तिशी ओलांडून गेला आहे. ट्रक चालवतो. मधूनमधून कार्यालयात येतो. मालकाने दिलेला कोणताही कागद प्रथम माझ्याकडे आणतो, आणि गेल्या वेळी आला तेव्हा त्याने स्वतःच एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून आणली होती. शब्द होता 'सर्वसाधारणपणे'. 'कामाचे तास सर्वसाधारणपणे आठ राहतील.' तो म्हणाला, "भाऊ, हा शब्द इथं कशाला घातला?" मला त्याला काही सांगावे लागले नाही.

पुढच्या रविवारी बाकी, थकबाकी आणि शिल्लक हे तीन शब्द घेणार आहोत. ज्यांच्या घरी विजेचे बिल किंवा बँकेचे पासबुक असेल त्यांनी ते मुलांबरोबर द्यावे. सकाळी नऊ वाजता या.